पाठमोरा आरसा

आमच्या कळसाडीच्या घरात एक आरसा होता, पण त्यात कुणी कधी तोंड पाहिलं नव्हतं. मधल्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून उभा असायचा आणि आमच्या वाट्याला त्याची पाठ यायची. माणसापेक्षा उंच, दोन पोरं हात पसरून उभी राहिली तरी झाकली जाणार नाही इतकी रुंद, विटकरी रंगाची खरबरीत पाठ. त्याला ना चौकट, ना फळी. नुसती जाड काच, खाली गोणपाट घातलेलं, वरच्या कडेला माझ्या आईनं चिंध्या बांधलेल्या, कारण ती कड सुरीसारखी लागायची. मोठी माणसं त्याला 'फुवाना आरसा' म्हणत. आम्ही पोरांनी त्यातला आरसा गाळून टाकला होता, कारण आरशासारखं त्यात आम्हाला काही दिसतच नव्हतं. लपाछपी खेळताना आम्ही खुशाल ओरडायचो, "फुवाना मांगे लपेल शे!" एकदा हे माझ्या तोंडून फुई समोर असताना निघालं. मायनं मला ओढत परसात नेलं आणि पाठीत असा धपाटा घातला, की जेवताना मला टेकून बसवेना. फुई मात्र हसली होती. "मारू नको वहिनी," ती म्हणाली, "पोरगी खोटं काय बोलनी?"

फुई म्हणजे माझ्या आबांची धाकटी बहीण, यमुना. आमच्याकडे बापाच्या बहिणीला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. हे मुरलीफुवा धानोऱ्याचे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते सुरतेला कापडबाजारात नोकरीला गेले आणि तिथं त्यांच्या डोक्यात शहाद्याला साड्यांचं दुकान टाकायचं भूत शिरलं. दुकान नाही, माल नाही, पण आरसा आधी. बाईला साडी अंगाला लावून डोक्यापासून पायापर्यंत दाखवली की ती न घेता उठत नाही, असं त्यांचं म्हणणं. शहादा आमच्या गावाहून जवळ, म्हणून आरसा आमच्याकडे उतरवायचा ठरला आणि फुई धानोऱ्याहून आमच्याकडे राहायला आली. गवतात गुंडाळलेला, फळ्यांच्या खोक्यात बसवलेला तो आरसा एका ट्रकवाल्यानं दारात उतरवला आणि निरोप दिला, "मुरलीशेठनी सांगेल शे, आरसा पुढे धाडस, मी मांगेमांगे येस." नोकरी करणाऱ्याला ट्रकवाला शेठ म्हणाला, याचं फुईला किती कौतुक वाटलं होतं, ते ती मला पुढे म्हातारपणीही सांगायची. खोक्याच्या फळ्या चुलीत गेल्या, गवत गोठ्यात गेलं. आरसा तेवढा राहिला. फुवा आले नाहीत.

आबा सुरतेला जाऊन आले, एकदा नाही, अनेकदा. मालक म्हणाला, आरसा ट्रकमध्ये चढवला त्याच दिवशी मुरली निरोप घेऊन निघाला. पुढे कुणाला काही ठाऊक नाही. तापी आमच्याकडून वाहत सुरतेला जाते, तिकडचं काही इकडे आणत नाही. लोक मात्र कुठून कुठून बातम्या आणत. कुणी त्यांना नाशकात पाहिलं, कुणी दुसरं लग्न केलं म्हणून सांगितलं. फुई सगळं ऐकून घ्यायची आणि सांगणाऱ्याला चहा द्यायची. आरसा भिंतीकडे तिनंच फिरवला होता. ज्यानं धाडला तो आधी पाहील, मग बाकीच्यांनी पाहावं, एवढंच ती म्हणाली, आणि कुणी वाद घातला नाही. दोन-चार महिन्यांची तर गोष्ट, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं असणार. मी त्यानंतर जन्मले, शाळेत गेले, वेण्या घालू लागले, तरी आरसा तसाच.

कुणाला वाटेल, अशी बाई कोपऱ्यात बसून डोळे गाळत असेल. छे! फुईएवढी भांडखोर आणि हसरी बाई आमच्या गल्लीत दुसरी नव्हती. पहाटे कारखान्याचा भोंगा वाजायच्या आत तिचं अंगण झाडून झालेलं असे. कपाळावर कुंकू इतकं मोठं, की आबा चेष्टेनं म्हणत, यमुना शेतात उभी राहिली तर पाखरं येणार नाहीत. उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे आमच्या घरांच्या मातीच्या सपाट छतावर, ज्वारीचे पापड, आमच्या बिबड्या, थापायचं काम सुरू झालं की सगळ्या बायका तिच्या हाताखाली. चुलीवर शिजणाऱ्या ज्वारीच्या चिकाचा रटरट आवाज, ऊस संपून रिकाम्या परतणाऱ्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज आणि त्या दोहोंवर फुईचा आवाज. पण एक होतं. बोलता बोलता ती मध्येच थांबायची. वाक्य अर्धं राही, मान दाराकडे वळे. बाहेर कुणीच नसे. मग ती सोडलेलं वाक्य पुन्हा धरायची, आणि ऐकणाऱ्या बाईच्या अंगावर काटा आलेला मी पाहिलेला आहे. मला स्वतःला त्या आरशाची भीती वाटायची, आणि भीती वाटते म्हणूनच तिकडे जावंसंही वाटायचं. दुपारी घरात कुणी नसलं की मी त्या खरबरीत पाठीला कान लावायची. आत कुणीतरी श्वास घेतं आहे असं मला ऐकू यायचं. तो माझाच श्वास काचेवरून परत येत असणार, हे मला आज कळतं. कळून फारसा उपयोग झालेला नाही.

ज्या वर्षाची ही हकीकत आहे, त्या वर्षी होळी झाल्यावर फुईचे जेठ आले. दौलतबाबा. मुरलीफुवांचे थोरले भाऊ. वाईट माणूस नव्हता तो, हे आधीच सांगते, कारण अशा गोष्टींत जेठ वाईट निघाला म्हणजे सगळं सोपं होतं. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बारा वर्षं माणूस परतला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे तो सुटतो आणि घरही सुटतं, अशी रीत आहे. ती बारा वर्षं भरत आली होती.

"पाव्हणा, मी भांडाले नई उनू," ते आबांना म्हणाले. "मन्हा भाऊ शे तो. पन पोरन्या सोयरिकी जुडतस नी मोडतस. म्हैस गाभडनी. घरमा काई टिकत नई. भगत म्हनस, तुम्हना मानूस अडकेल शे, ना आठे ना तठे. त्याले मोकळा करा."

पुतळा जाळायचा म्हणजे फुईचं कुंकू पुसायचं, हे न बोलताच सगळ्यांना कळलेलं होतं. मायनं चुलीजवळ हातातली भाकर तशीच धरून ठेवली. आमच्याकडे बाई जेठाशी समोरासमोर बोलत नाही, त्याच्यासमोर येतसुद्धा नाही. फुई स्वयंपाकघराच्या दाराआडून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, जेठाला ऐकू जाईल अशा बेतानं भावाशी बोलली.

"भाऊ, तेस्ले सांग, करा म्हना. पन पहिले तो आरसा लटकाडी द्या. बारा वरीस भितडाकडे तोंड करीसन उभा शे. मी कुंकू लाईसन त्यामा एकदाव आख्खी दखसू. मंग पुसा काय पुसनं ते."

ज्यानं धाडला तो आधी पाहील, असं म्हणणारी हीच बाई. मायनं पदर तोंडात कोंबला. दौलतबाबांनी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. आखाजीच्या आधी आरसा लागावा, मग तापीकाठी प्रकाशा या तीर्थाला पुतळ्याचा विधी, आणि आखाजीला इतर पितरांबरोबर मुरलीफुवांच्या नावानं पहिली घागर, असं ठरलं. आखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया. त्या दिवशी घरोघरी वारलेल्या माणसांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरतात आणि सासरी गेलेल्या मुली माहेरी येऊन झोके घेतात. मेलेले आणि मुली एकाच दिवशी घरी येतात.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. आरशाला चौकट करायची होती, आणि ती कुणालाच करायची नव्हती. लोटन मिस्तरी हा गावातला सुतार, आबांचा बालमित्र. त्याला बोलावणं गेलं, तो आला, आरशाच्या पाठीवरून सुतळीनं मापं घेतली आणि आठवडाभर फिरकला नाही. आला तेव्हा म्हणाला, माप गाठ मारलेल्या सुतळीत होतं आणि सुतळी बायकोनं खाटेला बांधली. पुन्हा मापं. मग लाकूड. बाभूळ नको, किडते. कडुनिंब नको, वाकतो. साग हवा, तो नवापूरकडून आणायचा. साग आला तर मिस्तरीनं तो हुंगला, नखानं टोकरला आणि मान हलवली. "वल्ला शे. आते चौकट करी त पानकळामा वाकी नी काच फोडी. सुकू द्या." लाकूड धाब्यावर उन्हात पडलं. नीट सुकलं आहे असं एकानं म्हणणं पुरलं असतं, पण सांगणारा माणूस आमच्या घरात नव्हता. आबा रोज वर जाऊन लाकूड उलटवून यायचे आणि खाली येऊन म्हणायचे, अजून थोडं. मायनं अमावस्या काढली, मग आठवड्यातले वार काढले. मिस्तरीच्या रंध्याचं पातं बोथट झालं, ते धारेला शहाद्याला गेलं, आणलं तर करवतीचे दात गेले. कामचुकारपणा इतका मन लावून केलेला मी पुढे सरकारी कचेरीतसुद्धा पाहिला नाही.

घाई करणारी एकटी फुई. ती जिना चढून धाब्यावर जायची आणि लाकडाला बोटानं ठोकून यायची. मिस्तरी ओट्यावर चहाला बसला की त्याच्यापुढे उभी राहायची. "मिस्तरी, आखाजी उनी. तुम्हना लाकूडले आंबा लागाना शेतस का?" मिस्तरी चहात बघायचा. एकदा तो हळूच म्हणाला, "यमुना, तुले एवढी कसानी घाई शे व?" ती म्हणाली, "बसून बसून माले कटाळा उना, लोटनभाऊ." तिच्या तोंडून कंटाळा हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मला तिची भीती वाटली. आमची फुई आता बदलून जाणार, पांढऱ्या कपाळाची कुणी वेगळीच बाई घरात वावरणार, आणि तिला हाक मारायला माझी जीभ उचलणार नाही, असं वाटून मी परसात जाऊन रडले.

त्यातच एका सकाळी कुंभारीण आखाजीच्या घागरी घेऊन आली. आमच्याकडे दरवर्षी आजोबांची एक आणि आजीची एक. तिनं ओट्यावर तीन मांडल्या. न सांगता, न विचारता, जणू गावानंच सभा भरवून ठरवलं होतं. माय कडाडली, "तुले कोन सांगं तीन? जवाईनी घागर आम्हना घर भरतस का कधी? लई जा ती." कुंभारीणही गप्प बसणारी नव्हती. "यमुनाबाई आठेच ऱ्हास ना? मंग तिन्हा नवराले तठे पानी कोन दी?" भांडण वाढलं असतं, पण फुई सुपात ज्वारी घेऊन आली, कुंभारणीच्या पाटीत ओतली आणि तिसरी घागर उचलून आत घेऊन गेली. त्यानंतर मिस्तरीचं लाकूड एका दिवसात सुकलं. काही गोष्टी टाळता येतात तोवर माणसं टाळतात, आणि मग सगळी एकदम दमतात.

चौकट आमच्या अंगणातच झाली. सागाच्या रुंद पट्ट्यांना आतून खाच पाडली, काच बसेल अशी, पण घट्ट नाही. खाचेत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे लाकूड आवळलं तरी काचेला कड लागू नये. चौकट गोधडीवर पालथी ठेवली, आबा, मिस्तरी आणि आमचा सालदार जालम यांनी आरसा श्वास रोखून आडवा केला आणि तसाच पालथा खाचेत उतरवला. तो भिंतीपासून सुटला तेव्हाही त्याचं तोंड जमिनीकडेच होतं, त्यामुळे त्यात काय दिसतं ते कुणी पाहिलं नाही. फुईची अटच होती तशी. मिस्तरीनं पाठीवर हात फिरवला. मधोमध रंग पोपडे धरून गेलेला होता. त्यानं वरून फळ्या ठोकून पाठ बंद करून टाकली. मग गोधडी आरशाच्या तोंडावर तशीच ठेवून सुतळीनं बांधली आणि ते सगळं धूड उभं केलं. पदरानं तोंड झाकलेली कुणी उंच बाई अंगणात उभी आहे असं वाटत होतं.

खरी पंचाईत पुढे होती. आमची भिंत मातीची. तिच्यात खिळा मारला तर तो हातानं उपटता येई. मिस्तरीनं भिंतीला हातही लावला नाही. मधल्या खोलीत धाब्याचा भार घेणारे दोन सागवानी खांब होते, त्यांच्यामध्ये त्यानं खाली टाचेपासून वीतभर उंचीवर जाड फळीचा पाट ठोकला, आणि वर लोखंडी कड्या. आबांनी शंका काढली, एवढ्याशा कड्या पेलतील का? "आबा, आरसा लटकाडानी चीज नई शे, बठाडानी शे," मिस्तरी म्हणाला. "वजन खालेच द्यानं. वरन्या कड्या निसत्या कान धरतस, पुढे पडू नको म्हनीसन." माझ्या मुलाच्या नंदुरबारच्या फ्लॅटमध्ये गेल्या वर्षी सुनेनं मोठा आरसा लावून घेतला. माणूस आला, ड्रिल मशीन घरघरवलं, भिंतीत प्लास्टिकचे गुल्ले ठोकले आणि चहा निवायच्या आत आरसा भिंतीवर. मी म्हटलं, बाबा रे, खाली आधार दे. तो हसला. शेवटी मीच हट्ट धरून त्याला खाली पट्टी लावायला लावली, आणि सूनबाई दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलत होती.

आरसा पाटावर बसला, कड्यांत अडकला, किंचित पुढे झुकवला, कारण तसा झुकवला तरच पाय दिसतात. समोर घराचं दार. दाराकडे आरशाचं तोंड नको म्हणून मायनं आधी कटकट केली होती, पण खांब तिथंच होते, त्याला ती तरी काय करणार. दौलतबाबा धानोऱ्याहून आलेले, ओट्यावर न बसता दारात उभे. गल्लीतल्या बायका आल्या होत्या, हळदीकुंकवाला येतात तशा नाही, दुसऱ्या कामाला येतात तशा, हात रिकामे ठेवून. फुई न्हाऊन आली. लग्नातला शालू नव्हे, रोजचंच हिरवं लुगडं, पण स्वच्छ. कपाळावर नेहमीहून मोठं कुंकू. बाहेर भर उन्हात कुणाच्या तरी झोक्याच्या दोराचा करकर आवाज येत होता. तिनं स्वतः सुतळी सोडली. गोधडी खाली पडली.

आरशात एक काळी आकृती बसलेली होती.

खालच्या अर्ध्या भागात, मधोमध. रुंद खांदे, वर डोक्याचा गोल, थोडं एका बाजूला कललेलं. आरशात खोली दिसत होती, दार दिसत होतं, दारातलं ऊन दिसत होतं, आणि त्या सगळ्याच्या मध्ये कुणीतरी पाठ करून बसलं होतं. एका बाईनं किंकाळी फोडली. जालम मागे सरला तो भांड्यांच्या उतरंडीला धडकला. मायनं मला स्वतःच्या पोटाशी दाबून धरलं, पण मी तिच्या हाताखालून पाहत होते, कारण डोळे मिटण्याचं बळ नव्हतं. दौलतबाबा दारातून चालत आले आणि आरशापुढे गुडघ्यावर बसले.

"मुरली," ते म्हणाले. "भाऊ, तू आठे बठेल शे रे?"

इतका मोठा माणूस रडताना मी तोवर पाहिला नव्हता. आणि मी खरं सांगते, त्या क्षणी खोलीत एकही जण असा नव्हता ज्याला ते खरं वाटलं नाही. आपण बारा वर्षं त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवून ठेवलं, असंच मला वाटलं. आम्ही पोरं त्यांना खेळताना हाक मारत होतो आणि ते आत ऐकत होते.

फुई पुढे झाली. जवळ जाऊन तिनं त्या काळेपणावर तळहात ठेवला, वरून खालपर्यंत फिरवला. मग ती हसली. तिचं ते हसू मला अजून सोसत नाही.

"त्या नई शेतस," ती म्हणाली. "मी शे ती."

कुणाला काही समजेना. ती बायकांकडे वळली. "दुपारले आठेच बठू ना मी रोज. दाना निवडू, वाती करू. आरसाले पाठ टेकीसन. थंड लागे माले. मन्हा घामनी, मन्हा तेलनी पारा खाई टाका." मग सगळ्यांना एकदम दिसलं, जे रोज पाहत होतो आणि पाहिलं नव्हतं. तिची बसायची जागा. तिचे खांदे. जराशी डावीकडे कललेली मान, दाराकडे. पाठीचा रंग तिच्या घामानं आणि केसांच्या तेलानं कणाकणानं गेला होता आणि काचेचा पारा तेवढ्या आकारापुरता मेला होता. दौलतबाबा जमिनीवरून उठले नाहीत.

फुई आरशासमोर बसली. रोजच्यासारखी, फक्त आता तोंड काचेकडे करून. आणि ती आरशातून नाहीशी झाली. त्या काळ्या डागात तिचं तोंड, कुंकू, हिरवं लुगडं, सगळं गेलं. कडेला गुडघ्याचा तुकडा तेवढा राहिला. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. डागाच्या वर, स्वच्छ काचेत, तिचं तोंड आलं. ती पुन्हा बसली, पुन्हा उठली. बायकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. आबा पुढे झाले, तिनं हातानं त्यांना थांबवलं.

"बठनू त मी दिखत नई," ती म्हणाली. "उभी ऱ्हायनू त दिखस."

आणि मग तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला, जेठाकडे सरळ पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. "दौलतभाऊ, उठा. करा तुम्ही. पुतळा करा, पानी द्या, पोरनं लगीन लावा. मी आडवी येत नई." कुंकू पुसायला म्हणून जी म्हातारी बाई आणलेली होती ती उठू लागली, तर फुईनं तिला खाली बसवलं. आरशात बघत, उभ्यानं, स्वतःच्या पदरानं तिनं कुंकू पुसलं. एकदा नाही पुसलं गेलं, इतकं मोठं होतं ते. लाल फराटा भिवईपर्यंत गेला. बायकांनी गळा काढला तेव्हा ती म्हणाली, "रडू नका व. मी मरनू नई." माझ्या आबांनी मिस्तरीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी तिच्या कपाळाकडे बघायचं टाळलं, आणि तिला ते कळलं, आणि तिनं मला जवळ बोलावून माझ्या दोन्ही वेण्या सोडून पुन्हा घातल्या. तिचे हात गार होते.

पुतळा जळला. दौलतबाबांच्या मुलीचं लग्न त्याच उन्हाळ्यात जमलं, भगताला नारळ मिळाला. आखाजीला आमच्या देवळीत तिसरी घागर भरली गेली. खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस घागरीपुढे ठेवला, अग्नीत पितरांच्या घासाची आगारी टाकली, आणि सगळे जेवायला बसणार तेवढ्यात फुई उठली. तिनं तांब्या घासला, माठातल्या गार पाण्यानं भरला, वर फुलपात्र झाकलं आणि जाऊन दाराबाहेर, ओट्याच्या कडेला, सावलीत ठेवून आली. आबांनी विचारलं, हे कुणाला? ती पाटावर बसली, रसाची वाटी पुढे ओढली आणि म्हणाली, "मरेलले घागर भरी ना आपीन? जित्ताले तहान लागत नई का?"

कुणी जेवलं नाही नीट. मी तर त्या दिवसभर ओट्याकडे फिरकले नाही. संध्याकाळी फुईनं तांब्या आत आणला, पाणी तुळशीला घातलं आणि पुन्हा त्यावर चकार शब्द काढला नाही. वर्षाचे बाकी सगळे दिवस ती मोकळ्या कपाळानं उभी होती. पुढे अंगणवाडीत लागली, गावातली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेली. बोलता बोलता थांबणं सुटलं. आरशाकडे पाठ करून ती परत बसलेली मला आठवत नाही. पण दरवर्षी आखाजीला आत घागर आणि बाहेर तांब्या, ती थकेपर्यंत. जगानं फुवांना मेलेलं धरलं, त्यात ती जगाबरोबर होती. आणि ते जगत असतील, तर त्यांच्याही बरोबर होती. दोन्ही मनापासून. मला हे समजायला माझा नवरा जावा लागला, आणि समजलं तेव्हा ती उरली नव्हती.

माझ्या भावानं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा आरसा चौकटीसकट उतरवून नव्या घरात लावला. त्याला काच बदलून घ्यायची होती. मी म्हटलं, मी आहे तोवर नको. पण मी त्या खोलीत एकटी जात नाही, हेही सांगून टाकते. बसायला गेलं की त्यात आधीच कुणीतरी बसलेलं असतं.

फुईची घागर आता मी भरते. फ्लॅटमध्ये अग्नी कुठला, गॅसवर कोळसा पेटवून आगारी टाकते, सूनबाई खिडक्या उघडते. आणि तांब्या. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोर, चपलांच्या रॅकशेजारी. मुलगा म्हणाला, आई, तुझे फुवा असते तर आज शंभरी गाठली असती. मी म्हटलं, ठाऊक आहे मला. या आखाजीला दुपारी, ऊन नुसतं भाजून काढत असताना, बेल वाजली. दार उघडलं तर गॅसचं सिलिंडर खांद्यावरून उतरवून एक माणूस जिन्यावर टेकला होता, लिफ्ट बंद होती. उतरत्या वयाचा, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. त्याच्या हातात तांब्या होता आणि तो रिकामा झालेला होता. मी चौकट धरली. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना आणि न बघताही राहवेना.

"माय, चुकनं व मन्हं," तो ओशाळून म्हणाला. "तहान लागेल व्हती. हाई पानी कोनाकर्ता ठेयेल व्हतं?"

"तुन्हाकर्ताच," मी म्हटलं, आणि तांब्या त्याच्या हातातून घेऊन पुन्हा भरायला आत गेले.